पाटावर मांडलेल्या चार डिस्क

आमच्या मालकांना फुकट गेलेली जागा बघवत नसे. गोदामात पोत्यांच्या दोन थप्प्यांमध्ये माणूस आडवा होऊन सरकेल एवढी फट दिसली, तरी ते तिथे तिसरी थप्पी लावायला सांगत. मग उंदीर लागल्यावर आत शिरायचं कुणी, हा प्रश्न त्यांच्या मते उंदरांचा होता. अशा माणसाला डेटा ठेवायच्या पेटीत एक डिस्क जाणूनबुजून खर्ची घालावी लागते, हे पटवण्याचं काम माझ्या कपाळी आलं.

जालन्यात ज्याच्याकडे पैसा जास्त तो सळईचा कारखाना काढतो आणि ज्याच्याकडे शेती जास्त तो बियाण्याची कंपनी काढतो. आमचे मालक दुसऱ्या जातीचे. मी मूळची मंठ्याची, शहरात मस्तगडला खोली घेऊन राहायची आणि कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळायची. सांभाळायची म्हणजे प्रिंटरमधला अडकलेला कागद काढण्यापासून सगळं. मालक मला ताई म्हणत आणि ताईचं कुणी ऐकायचं नसतं हा आपल्याकडचा नियम त्यांनी कसोशीने पाळला.

कंपनीत खरं काम करणारी व्यक्ती एकच होती. आमच्या संशोधक मॅडम. परतूरजवळच्या खेड्यातल्या, लहानपणी दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचलेल्या, पुढे कृषी विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेल्या. जीभ अशी की समोरच्याला उत्तर मिळाल्यावर कळायचं, आपण प्रश्न विचारायला नको होता. त्यांचं काम मिरचीवर होतं. भोकरदन-जाफराबादकडे मिरची घेणाऱ्या कुणालाही विचारा, चुरडा-मुरडा म्हणजे काय ते तो सांगेल. पानं आकसून वाटीसारखी होतात, झाड खुरटतं आणि औषध विकणाऱ्याचं घर तेवढं वर चढतं. या रोगाला दाद न देणारं संकरित वाण काढायचं मॅडमनी मनावर घेतलं होतं.

त्यासाठी त्यांनी शेडनेटमध्ये शेकडो जोड्या लावल्या होत्या. एका झाडाची कळी उमलायच्या आत चिमट्याने तिच्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचा पराग तिला लावायचा, देठाला लाल दोरा बांधायचा. बाया सकाळपासून मान मोडून हेच करत. प्रत्येक जोडीपासून निघालेल्या बियाण्याला एक नंबर मिळे, आणि नंबर मुद्दाम उलटसुलट दिलेले असत, म्हणजे शेतात ओळी तपासणाऱ्याने कुणाची बाजू घेऊ नये. कोणता नंबर कोणत्या आईबापाचा, हे एकाच तक्त्यात होतं. संकरित वाण पुन्हा तयार करायचं तर नेमकी तीच आई आणि तोच बाप लागतो. त्या वाणाचंच बी धरून पेरलं तर पुढच्या पिढीत कोण कुणावर जाईल सांगता येत नाही. म्हणजे तक्ता गेला तर मॅडमचं सगळं गेलं. आणि मॅडम पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या, त्यामुळे या नंबरांच्या ओळींची शेतातली चाचणी त्यांची शेवटची होती.

हा तक्ता नीट राहावा म्हणून चार डिस्कची पेटी घ्यायचं ठरलं. ती विकायला संभाजीनगरहून एक गृहस्थ आले. भर उन्हाळ्यात गळ्याला टाय. त्यांनी भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली आणि चार डिस्क कशा कशा जोडता येतात ते सांगितलं. शून्य नंबरच्या पद्धतीत चारही डिस्कची पूर्ण जागा वापरायला मिळते, पण एक मेली की सगळं मेलं. मालकांचा जीव या शून्यावर जडला. मेली तर, हे शब्द त्यांनी ऐकलेच नाहीत, पूर्ण जागा एवढंच ऐकलं.

मी आरशाची पद्धत सुचवली. प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर सारखी लिहायची, जागा निम्मी मिळते पण जिवाला घोर नाही. मालक माझ्याकडे बघून म्हणाले, "एकच गोष्ट दोनदा लिहायला आपण काय शाळेत शिक्षा भोगून राह्यलो?" टायवाले हसले. ज्याला माल खपवायचा असतो त्याला मालकाच्या विनोदावर हसावंच लागतं, त्याचा मला राग नाही. राग याचा आला की मालकांचा मुलगाही हसला. तो पुण्याहून व्यवस्थापन शिकून आला होता आणि त्या खोलीत हे सगळं समजण्याची अपेक्षा कुणाकडून असलीच, तर ती त्याच्याकडून होती.

शेवटी गाडी पाच नंबरवर आली. त्यात चारपैकी एका डिस्कएवढी जागा जाते आणि कुठलीही एक डिस्क मेली तरी बाकीच्या तिघी मिळून तिचा हिशेब भरून काढतात. मालकांनी यातही घासाघीस केली. अर्धीच डिस्क जाईल असं काही जमत नाही का, असं त्यांनी टायवाल्यांना दोनदा विचारलं. भाजीवालीशी जसं बोलतात तसं.

मी म्हटलं, ठीक आहे, पाच नंबर घ्या, पण एवढ्यावर झोपू नका. डिस्क मेली तर ही पेटी वाचवेल, माणूस चुकला तर वाचवणार नाही. तुम्ही एखादी फाइल पुसलीत तर ती पेटी इमानेइतबारे चारही डिस्कवरून पुसेल. म्हणून तक्त्याची वेगळी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा, मंठा रोडच्या शेतावर ठेवा, तुमच्या घरच्या तिजोरीत ठेवा. मॅडमही म्हणाल्या की निदान एक कागद छापून द्या, मी माझ्याकडे ठेवते.

मालकांचं उत्तर मला आजही तोंडपाठ आहे. "दुसरी प्रत म्हंजे दुसरा चोर."

बियाण्याच्या धंद्यात ही भीती अगदीच खोटी नाही. कुणाच्या शेडनेटमधून कुणाची फांदी गेली, कुणाचा माणूस कुणाकडे फुटला, या गोष्टी चहाच्या टपरीवर रोज ऐकायला मिळतात. पण आमच्याकडे या भीतीची नुसती देवी केली होती. मुलाच्या हुकमावरून सगळ्या कॉम्प्युटरांची पेन ड्राइव्हची भोकं लांबी भरून बुजवली होती, खिडकीच्या चौकटीला भरतात ती. प्रिंटर मालकांच्या केबिनमध्ये. शेतात वही न्यायला बंदी, फाटकावर मोबाइल जमा. बियाण्याच्या पाकिटांवर नंबर सोडून एक अक्षर लिहायची मुभा नाही. मॅडम एकदा म्हणाल्या की चोराला सापडू नये म्हणून यांनी मलाही सापडू नये अशी व्यवस्था केली आहे. चोराचं माहीत नाही, व्यवस्था मात्र पक्की निघाली.

पेटी आली. टायवाल्यांनी ती चालू केली आणि सगळ्यांदेखत चालत्या पेटीतून एक डिस्क बाहेर ओढली. पेटी पीं-पीं ओरडली, पण पडद्यावरचा तक्ता तसाच उघडा राहिला. खाली-वर सरकवून दाखवला, चालला. मालकांचा चेहरा असा झाला, जणू जादूगाराने त्यांच्याच टोपीतून कबुतर काढलं असावं. त्या क्षणापासून ती पेटी डेटासाठी राहिली नाही, पाहुण्यांसाठी झाली.

विक्रेता आला की चहा आणि डिस्क. व्याही आले की चहा आणि डिस्क. बँकेचे साहेब आले तेव्हा तर बासुंदी आणि डिस्क. मालक स्वतः उठत, खटका दाबून एक डिस्क बाहेर काढत आणि ती हातात धरून म्हणत, "बघा. मुंडकं काढलं तरी धड चालून राह्यलंय." पाहुणे वा वा करत. मग ते डिस्क परत सारत आणि पेटी रात्रभर ती डिस्क नव्याने भरत बसे. मी त्यांना सांगितलं की हे भरणं चालू असताना दुसरी डिस्क गेली तर मुंडकं आणि धड दोन्ही गेलं. ते म्हणाले, आपण एकच काढतो ना ताई. गाढवापुढे गीता वाचावी, पण निदान गाढव मध्येच डिस्क ओढत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. विळे, खुरपी, ट्रॅक्टर, वजनकाटा, चिमटे सुद्धा. मला या पूजेबद्दल काही म्हणायचं नाही, माझ्या घरीही होते. मी त्या दिवशी सकाळी मंठ्याला घरच्या पूजेला गेले होते. आईने वडिलांच्या जुन्या करवतीला झेंडूचा हार घातला, मी नमस्कार केला, जेवले आणि दुपारच्या एसटीने परत आले. करवत पूजेआधी जशी होती तशीच पूजेनंतर होती. हत्याराची पूजा अशी करायची असते.

ऑफिसात पाय ठेवला तेव्हा पाटावर अक्षता, सुपारी, विड्याची पानं आणि कुंकवाचा सडा दिसला. पेटीवर चार बोटांचं गंध आणि चारही डिस्कच्या दांड्यांना हळदकुंकू. मी विचारलं, दांड्यांना आतून कुंकू कसं लागलं? तेव्हा शिपायाने आनंदाने सांगितलं की सकाळी चारही बाहेर काढून पाटावर मांडल्या होत्या. मालकांनी मनाशी विचार केला होता की पेटी तर नुसता डबा, खरी हत्यारं आत आहेत. चालत्या पेटीतून एकामागून एक काढल्या, ओल्या फडक्याने पुसल्या, कुंकू लावलं, आरती केली. पेटी सगळा वेळ ओरडत होती. आरतीच्या टाळ्यांत ते ओरडणं कुणाला वावगं वाटलं नाही. उलट मालक म्हणाले म्हणे, मशिनलाबी कळतं आज सण हाय.

पाच नंबरच्या पेटीतून एक डिस्क काढली तर ती तरते, दुसरी काढली की तिचं भान सुटतं. तरी एवढ्यावरही सगळं संपलं नव्हतं. त्याच घडीला पेटी बंद करून जाणकाराकडे नेली असती तर बरंच काही परत बसवता आलं असतं. पण डिस्क परत घातल्यावर पेटीचा दिवा लाल झाला आणि सणाच्या दिवशी लाल दिवा अशुभ. म्हणून मालकांचा मुलगा पडद्यापुढे बसला. पडद्याने विचारलं, नव्याने मांडणी करायची का? याने हो म्हटलं. पडद्याने विचारलं, सगळ्या डिस्कवरचं जुनं पुसलं जाईल, चालेल का? याने हो म्हटलं. खात्री आहे का? हो. पुण्यात दोन वर्षं शिकून माणसाने काय मिळवलं, तर हो म्हणायचा आत्मविश्वास.

मी आले तेव्हा सकाळपासून पेटी आपल्यावर नवे कोरे थर लिहीत बसली होती. मी धावत जाऊन वायर उपटली. मालक केबिनमधून बाहेर आले आणि माझ्यावरच डाफरले, सणाच्या दिवशी चालती वस्तू बंद करतात का म्हणून. मग समजूत घालावी तशा आवाजात म्हणाले, "घाबरू नका ताई, समदं हिरवं झाल्तं. चारीबी दिवे."

दिवे हिरवे होतेच. रिकामी पेटी निरोगी असते.

मॅडमना मीच फोन केला. त्या गावाकडे होत्या. मी सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं की तक्ता कुठेच नाही का. मी म्हटलं, कुठेच नाही. त्यांनी फोन ठेवला.

डिस्क पुण्याला डेटा काढून देणाऱ्यांकडे पाठवल्या. तिथून मालकांच्या नातवाच्या बारशाचे फोटो परत आले, गेल्या वर्षीच्या सहलीचे आले, तक्त्याचे मात्र तुकडे आले, ज्यांतून एक ओळही सलग लागेना. ही आमची कंपनी. बारसं पेटीत होतं आणि मिरचीची दुसरी प्रत ठेवायला जागा नव्हती. टायवाल्यांनी हात झटकले, आणि त्यांचं बरोबरच होतं. मग दोष कुणाचा याचा शोध सुरू झाला आणि तो माझ्यापाशी येऊन थांबला, कारण पूजेच्या दिवशी मी हजर नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मॅडम मात्र रडत बसल्या नाहीत. त्यांनी हिशेब मांडला. शेतात ओळी उभ्या आहेत, प्रत्येक ओळीला नंबर आहे. थंडीच्या तोंडावर पांढरी माशी वाढेल, ती रोग आणेल, कोणती ओळ टिकते ते दिसेल. तिचे आईबाप तक्त्यात नसले आणि शेडनेटमधली ती झाडं केव्हाच उपटली गेली असली, तरी बियाणं गार ठेवायच्या कोल्ड रूममध्ये ते आहेत. सगळ्या आईबापांची पाकिटं तिथे आहेत. थोडं थोडं बी लावून पानं हैदराबादच्या प्रयोगशाळेत पाठवली तर टिकलेल्या ओळीशी रक्त जुळवून बघता येईल. वेळ लागेल, पण जोडी सापडेल. त्यांनी हे मालकांना माझ्यासमोर सांगितलं आणि दिवाळीला गावी जाताना पुन्हा सांगितलं, कोल्ड रूमला हात लावू नका.

दिवाळीच्या सुट्टीत भेंडीचं बियाणं आलं. खूप आलं. मालकांना कोल्ड रूममध्ये कप्पेच्या कप्पे भरलेली छोटी पाकिटं दिसली, ज्यांच्यावर नुसते नंबर होते आणि त्या नंबरांना आता काही अर्थ नव्हता. फुकट गेलेली जागा. त्यांनी ट्रॅक्टर बोलावला आणि सगळी पाकिटं शेतामागच्या खड्ड्यात नेऊन ओतली. उगवून चोराच्या हाती लागू नये म्हणून वर डिझेल टाकून काडी लावली. मला हे सुट्टीनंतर कळलं. मी विचारलं तर म्हणाले, "ज्याला नाव न्हाई, गाव न्हाई, ते बी ठिवून काय लोणचं घालायचं?"

मला त्या माणसाची कीव आली नाही. आजही येत नाही. अडाणीपणाची येते, हा अडाणीपणा नव्हता. समोर समजणारं माणूस उभं असताना त्याच्याकडे न बघण्याची सवय होती ती, आणि ती त्यांनी पैसा आल्यावर मोठ्या हौसेने लावून घेतली होती. मॅडम आल्या, कोल्ड रूममध्ये गेल्या, भेंडीची पोती बघितली आणि दार लावून बाहेर आल्या.

यानंतर मालकांनी आणखी दोन पेट्या घेतल्या. एक शेतावर, एक घरी. रोज संध्याकाळी आपोआप प्रत निघते. वरातीमागून घोडं. आता आमच्याकडे चोख बंदोबस्त होता आणि सांभाळायला भेंडीचे दर होते.

थंडी पडली, रोग आला. असा आला की चाचणीचं रान आठवड्यात आकसून गेलं. मॅडम रोज सकाळी बांधावरून फिरत. एक दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं. एका ओळीपाशी उभ्या होत्या. आजूबाजूची झाडं गोळा होऊन बसली होती आणि ही ओळ कंबरेएवढी, सरळ, हिरवीगार, खालून वर मिरच्यांनी लगडलेली. टोकाला काठीवर नंबराची पट्टी. मॅडमनी एक पान दोन्ही बाजूंनी उलटंपालटं करून बघितलं. मग पुढच्या झाडाचं, मग त्याच्या पुढच्या.

बातमी मालकांपर्यंत गेली. ते मुलाला आणि फोटोवाल्याला घेऊन आले. ओळीत उभे राहिले, मिरच्या हातात धरल्या, फोटो झाले. मग खुशीत त्यांनी मॅडमना विचारलं की याचं बियाणं पुढल्या साली किती निघेल.

मॅडम म्हणाल्या, "याचे मायबाप तुम्ही दिवाळीत जाळले."

मालक हसले. त्यांना वाटलं, बाई चिडून बोलून राह्यल्या. म्हणाले, मंग याचंच बी धरू. मॅडमनी त्यांना पुन्हा एकदा, शांतपणे, शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं की याचं बी धरलं तर लेकरं सगळ्या तऱ्हेची निघतील, त्यातली बरी वेचत वेचत पुन्हा पक्कं करायला सहा-सात सालं लागतील, आणि मी मार्चमध्ये घरी चालले. मालक म्हणाले, बघू, दुसरा डॉक्टर आणू. दुसरा आला. त्याला टोमॅटो कळत होता.

मॅडम मार्चमध्ये गेल्या. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं, मालकांनी संशोधनावर भाषणही केलं. मी मधूनमधून परतूरला जाऊन येते. त्या घरामागे भाजी लावतात, मिरची लावत नाहीत.

पुढच्या जानेवारीत कंपनीचं कॅलेंडर छापून आलं. रिवाजाप्रमाणे जुन्या नोकरांना एकेक पाठवलं, तसं त्यांनाही गेलं. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. पहिल्याच पानावर त्यांची ती ओळ होती, मालक मिरच्या हातात धरून उभे, आणि खाली मोठ्या लाल अक्षरांत छापलं होतं, चुरडा-मुरड्याला कायमचा रामराम, लवकरच येत आहे.

मॅडमनी विचारलं, "खालचं वाचलंस का?"

मी म्हटलं, वाचलं.

"मंग त्यांना विचार," त्या म्हणाल्या, "कुठून?"